वेलिगमचा मुक्काम

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, कोलंबोपासून सुमारे दीडशे किलोमीटर अंतरावर वेलिगम नावाचे एक लहान गाव आहे. 'वेलि' म्हणजे वाळू आणि 'गम' म्हणजे ग्राम, वाळूचे गाव. वालुका आणि ग्राम हे आपल्या ओळखीचे शब्द सिंहली जिभेवर झिजून असे झाले आहेत, हे कळले की परदेशात आल्याची जाणीव थोडी सैल होते. तेथे दिवसाला 'दवस' म्हणतात, भाताला 'बत्', दुधाला 'किरि' आणि मोठ्या बहिणीला चक्क 'अक्का'.

गावाचा किनारा अर्धचंद्राकृती आहे. खाडीचा तळ वाळूचा असल्याने लाटा येथे सौम्य होऊन येतात, आणि म्हणून फळीवर उभे राहून लाटेवरून घसरण्याचा खेळ शिकायला जगभरातील तरुण मंडळी वेलिगमला येतात. एका टोकाला भाड्याच्या फळ्यांच्या रांगा, दुसऱ्या टोकाला कोळ्यांच्या होड्या, मधोमध रस्ता आणि रेल्वे. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर एक चिमुकले बेट आहे. भरती नसेल तर कमरेएवढ्या पाण्यातून तेथे चालत जाता येते. १९२० च्या दशकात एका फ्रेंच सरदाराने त्यावर बंगला बांधला आणि त्याला श्रीलंकेचे प्राचीन ग्रीक नाव दिले, 'ताप्रोबेन'. पुढे जगभर भटकणारा अमेरिकन लेखक पॉल बोल्स याने ते बेट विकत घेतले. काही वर्षांतच त्याने ते विकूनही टाकले.

या गावात माझा एक बालमित्र दरवर्षी नोव्हेंबर ते एप्रिल असे सहा महिने राहतो. उरलेले सहा महिने कधी व्हिएतनाममध्ये, कधी हिमाचलात. त्याच्या सामानात एक मध्यम आकाराची पिशवी, एक संगणक आणि स्टीलचा एक डबा एवढेच असते. तो मूळचा बार्शीचा. वडिलांची भुसार मालाची आडत होती. बावीस वर्षे त्याने पेढीवर बसून तुरीचे आणि हरभऱ्याचे भाव पाहिले, शेतकऱ्यांच्या उचली सांभाळल्या आणि दर दिवाळीला वह्यांचे पूजन केले. पत्नीच्या निधनानंतर एक वर्ष तो नेहमीप्रमाणे दुकानात बसला. त्यानंतर एके दिवशी धाकट्या भावाच्या हाती किल्ल्या देऊन निघाला. भांडण नव्हते, कर्ज नव्हते, व्यसन तर नव्हतेच. समाजाला मात्र यांपैकी काहीतरी एक कारण हवे असते. ते न मिळाल्याने त्याच्याविषयीची चर्चा आजही संपलेली नाही.

गेल्या फेब्रुवारीत मी त्याला भेटायला गेलो तेव्हा माझ्याजवळ दोन गोष्टी होत्या. पहिली, त्याच्या आईने दिलेले बोचके: खाखऱ्यांचे दोन डबे, मुगाचे पापड आणि केर-सांगरी. दुसरी, धाकट्या भावाने दिलेला हक्कसोडपत्राचा मसुदा. जुन्या पेढीची जागा आता गावाच्या मध्यवस्तीत आली आहे. ती काढून नव्या बाजारात मोठे गोदाम घ्यावे, असा भावाचा विचार. त्यासाठी थोरल्याची सही हवी आणि सहीसाठी त्याने समक्ष यायला हवे. आईने कागदाविषयी अवाक्षर काढले नाही. त्र्याऐंशी वर्षांच्या त्या माउलीचे वर्षीतप चालू होते: एक दिवस उपवास, एक दिवस बियासणे. डबे माझ्या हाती देताना त्या एवढेच म्हणाल्या, "त्याला सांग, कागदासाठी येणार असशील तर येऊ नको. पारण्याला ये."

मुंबईहून कोलंबोचा विमानप्रवास अडीच तासांचा. तेथून पुढे मी मुद्दाम रेल्वेने गेलो. कोलंबो फोर्ट स्थानकावरून निघालेली गाडी शहराबाहेर पडण्याआधीच समुद्राला येऊन भिडते आणि मग बराच काळ त्याचा काठ सोडत नाही. दक्षिणेकडे जाताना उजवीकडची खिडकी धरावी. रूळ आणि पाणी यांत कोठे कोठे एवढे कमी अंतर आहे की लाटेचे तुषार डब्यात येतात. शेजारी नारळीची झाडे, त्यांखाली क्रिकेट खेळणारी मुले, दोरीवर वाळणारे पांढरे शुभ्र शाळेचे गणवेश.

हिक्कडुवाच्या थोडे अलीकडे पेरालिय नावाचे खेडे लागते. २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी याच मार्गावरून 'समुद्रदेवी' या नावाने ओळखली जाणारी गाडी माताराकडे निघाली होती. त्या दिवशी पौर्णिमा होती. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला, म्हणजे 'पोया'ला, सार्वजनिक सुट्टी असते. त्यामुळे गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. सुनामीची पहिली लाट आली तेव्हा गाडी थांबली. भोवतालच्या गावकऱ्यांनी लोखंडाच्या भरवशावर डब्यांत आणि टपांवर आसरा घेतला. दुसरी लाट त्याहून कितीतरी उंच होती. दीड हजारांहून अधिक माणसे त्या एका ठिकाणी गेली. रेल्वेच्या इतिहासात याहून मोठी दुर्घटना नोंदलेली नाही. आमची गाडी तेथून जाताना समोरच्या बाकावरील एका वृद्ध गृहस्थांनी हात जोडले आणि खिडकीतून बाहेर न पाहता ते गाव ओलांडू दिले.

मित्र स्थानकावर उभा होता. उन्हाने रापलेला, किंचित बारीक झालेला, पायांत रबरी चपला. आमच्यात मिठ्या मारण्याची पद्धत कधीच नव्हती. "जेवलास का?" एवढेच त्याने विचारले आणि माझ्या हातातले बोचके घेऊन वास घेतला. "खाखरे," तो म्हणाला.

त्याची खोली एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी आहे. रस्त्यापासून आत, फणसाच्या दोन झाडांमागे कौलारू घर. दिवाणखान्याच्या भिंतीवर छातीच्या उंचीला एक पुसट तपकिरी रेघ आहे. ती २००४ च्या पाण्याची. घराला नंतर दोनदा रंग दिला, पण त्या बाईंनी तेवढा पट्टा रंगवू दिला नाही. मित्र त्यांना 'अक्का' म्हणतो, त्या त्याला 'मल्ली' म्हणतात. मल्ली म्हणजे धाकटा भाऊ. सत्तरीच्या अक्का आणि पंचावन्नचा मल्ली इंग्रजीत बोलतात, आणि अडले की हातांनी.

या दोघांमधील व्यवहाराची एक हकीगत आपल्यासारख्या व्यापारी घरांतून सांगण्याजोगी आहे. मित्र तेथे प्रथम गेला तो २०२२ च्या जानेवारीत. खोलीचे भाडे ठरले दरमहा ६०,००० श्रीलंकन रुपये. तेव्हा एका डॉलरला सुमारे २०० रुपये पडत, म्हणजे भाडे ३०० डॉलर झाले. मार्चमध्ये तेथील रुपया कोसळू लागला. एप्रिलमध्ये सरकारने विदेशी कर्जाची परतफेड थांबवल्याचे जाहीर केले. मेच्या मध्यापर्यंत डॉलर ३६० च्या घरात गेला. स्वयंपाकाचा वायू मिळेना, पेट्रोलसाठी रात्र रात्र रांगा, काही दिवस तर तेरा तेरा तास वीज नाही. पर्यटक निघून गेले. ठरलेले ६०,००० रुपये आता जेमतेम १६७ डॉलरचे उरले होते.

मित्राने मार्चअखेर भाडे वाढवून पुढे केले. ठरले तेव्हा जेवढे डॉलर होत होते तेवढ्याचे रुपये. अक्कांनी वरचे पैसे परत केले. बोली रुपयांत झाली होती, डॉलरमध्ये नव्हे, असे त्यांचे म्हणणे. रुपया वधारला असता तर मल्लीने कमी दिले असते का? मित्राने आडतीवरची सगळी विद्या पणाला लावली. माल तोच, खोली तीच, मग मोल निम्मे का घ्यावे? अक्का ढळल्या नाहीत. ज्या बाईंच्या घरी चूल लाकडांवर पेटत होती आणि निवृत्तिवेतनात महिना भागत नव्हता, त्या हक्काने मिळू शकणारा पैसा नाकारत होत्या. शेवटी बार्शीच्या बाजारात शोभेल असा तोडगा निघाला. भाडे ६०,०००च, मात्र छपराची कौले मित्राने बदलून द्यायची आणि त्याचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. मी गेलो तेव्हा ती कौले पाहिली. जुन्या कौलांच्या मानाने अजून लालच आहेत.

"बावीस वर्षांत घासाघीस भरपूर केली," मित्र मला म्हणाला, "पण समोरचा माणूस माझ्या बाजूने घासाघीस करतोय, हे पहिल्यांदा पाहिलं."

जेवणाचा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात केव्हाचा आला असेल. तो तेथे खरोखरच अवघड आहे. सिंहली स्वयंपाकात 'उंबलकड' नावाच्या वाळवलेल्या माशाचा चुरा डाळीत, चटणीत, भाजीत कोठेही असू शकतो, आणि आचाऱ्याच्या लेखी त्याने पदार्थ सामिष होत नाही. त्यात भाषेची आणखी एक गंमत. मिठाला तेथे 'लुणु' म्हणतात; आपल्या मारवाडी-गुजराती घरांतील आज्या लूण म्हणत, तेच. पण कांदा म्हणजे 'लूनु', आणि लसूण म्हणजे 'सुदु लूनु', पांढरा कांदा. 'लूनु नको' असे नीट उच्चारले नाही तर अळणी जेवण पुढ्यात येते आणि कांदा जागच्या जागी राहतो. मित्राने पहिला महिना यात काढला आणि नंतर अक्कांच्या मागील पडवीत स्वतःची शेगडी मांडली. कोवळ्या फणसाची भाजी, विलायती फणस, नारळाच्या दुधातील मसुरीची डाळ, तांदळाच्या शेवयांची 'इंदिआप्प', आणि मातीच्या मडक्यात विरजलेले म्हशीचे घट्ट दही. दूध घालून शिजवलेल्या भाताच्या वड्या सणाला करतात, त्या 'किरिबत्'. शब्द ऐकताच क्षीर आणि भात दोन्ही ओळखू येतात, फक्त दूध नारळाचे असते.

मित्र आता नियम वगैरे पाळतो, असा त्याचा दावा नाही. पण दिवस मावळण्यापूर्वी तो जेवून घेतो. विषुववृत्ताजवळ असल्याने तेथे सूर्यास्त वर्षभर पावणेसहा ते साडेसहाच्या दरम्यानच होतो. "बार्शीत उन्हाळ्यात दिवा लागायला सात वाजतात. इथं घड्याळ न बघता जमतं," असे तो म्हणाला. मला ते स्पष्टीकरण पुरेसे वाटले नाही, पण मी अधिक विचारले नाही.

सकाळी होड्या किनाऱ्याला लागतात तेव्हा त्या टोकाला उभे राहणे मला शक्य झाले नाही. तूही रोज हे कसे पाहतोस, असे मी विचारलेच. तो म्हणाला, "मी त्या वेळी तिकडे जात नाही. पण त्यांची मुलं अक्कांकडे शिकायला येतात, त्यांच्या बायका माझ्याशी बोलतात. न पटणारं सगळं टाळून राहायचं म्हटलं तर बार्शीतही कुठं राहता आलं असतं?" यावर वाद घालण्याजोगे बरेच आहे. त्या सकाळी मला तो घालावासा वाटला नाही.

एक दिवस आम्ही बसने गॉलला गेलो. वाटेत अहंगम आणि कोग्गल ही गावे लागतात. तेथे उथळ समुद्रात रोवलेल्या खांबांवर बसून गळ टाकणारे कोळी छायाचित्रांमुळे जगप्रसिद्ध झाले आहेत. आता त्या खांबांवर बसणारे बहुतेक जण मासे धरत नाहीत. पर्यटक आला की खांबावर चढतात, छायाचित्र निघाले की पैसे घेतात. मला एका परीने बरे वाटले, एका परीने उदासही. धंदा गेला आणि धंद्याचे चित्र विकायला उरले. मित्र खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "धाकट्यानं नव्या दुकानात आजोबांचा तराजू काचेच्या कपाटात ठेवलाय म्हणे." मी होय म्हटले. तराजूला त्याने पॉलिशही करून घेतले आहे, हे मात्र सांगितले नाही.

गॉलचा किल्ला पोर्तुगीजांनी आरंभला, १६४० मध्ये डचांनी घेऊन भक्कम केला आणि १७९६ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. तटावरून फिरायला संध्याकाळ अपुरी पडते. पण मला अधिक मोह पडला तो तेथे सापडलेल्या एका शिलालेखाचा. मूळ शिळा आज कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १९११ मध्ये ती गॉलमधील एका मोरीवर पालथी घातलेली आढळली. चिनी दर्यासारंग झंग ह याने आणलेला तो लेख १४०९ सालचा आहे आणि तीन भाषांत आहे. चिनी भागात बुद्धाला, तमिळ भागात विष्णूच्या स्थानिक रूपाला आणि फारसी भागात अल्लाला दान अर्पण केले आहे. सोने आणि चांदी, तिघांनाही सारखेच. बंदरात उतरणाऱ्याने कोणाच्या देवाला कमी लेखू नये, हे त्या काळच्या सागरी व्यापाराला पक्के ठाऊक होते. तोच सारंग याच बेटावरील एका राजाशी लढला आणि त्याला कैद करून चीनला घेऊन गेला, हेही खरे. दगडावर ते लिहिलेले नाही.

माझ्या मुक्कामात नवम पोया आला. आपली माघ पौर्णिमा. त्या दिवशी कायद्याने दारू आणि मांस यांची विक्री बंद असते. अनेक होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होत्या. अक्का पांढरी साडी नेसून पहाटेच विहारात गेल्या. त्यांनी त्या दिवसापुरते अष्टशील घेतले होते, म्हणजे मध्यान्हानंतर आहार नाही. दुपारी परतल्यावर ओसरीवर बसून त्यांनी मला विचारले, तुम्ही दोघे 'निगण्ठ' आहात ना? मी चमकलो. निर्ग्रंथ हा शब्द परदेशात, तोही एका शाळाशिक्षिकेच्या तोंडून ऐकायला मिळेल असे वाटले नव्हते. त्यांनी 'महावंस' वर्गात शिकवला होता. अनुराधपुर वसवणाऱ्या पंडुकाभय राजाने जोतिय, गिरि आणि कुंभण्ड या निर्ग्रंथांसाठी निवास बांधल्याचा उल्लेख त्या ग्रंथात आहे. पुढे वट्टगामणी राजा युद्धात हरून पळत असता गिरि नावाच्या निर्ग्रंथाने त्याची हेटाळणी केली आणि राज्य परत मिळाल्यावर राजाने तो आश्रम पाडून तेथे अभयगिरी विहार उभारला, असेही त्यात येते. अक्कांनी ही कथा अगदी संकोचून सांगितली. जणू आश्रम त्यांच्या घरच्यांनीच पाडला होता.

मग बोलणे उपवासांवर आले. मी मित्राच्या आईच्या वर्षीतपाविषयी सांगितले. तेरा महिन्यांच्या आसपास चालणारे एकाआड एक उपवास, अक्षय तृतीयेला उसाच्या रसाने पारणे; ऋषभदेवांना श्रेयांसाने रस दिला त्याची आठवण. अक्कांनी त्यांचे वय विचारले. मी त्र्याऐंशी म्हटले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग मित्राकडे वळून म्हणाल्या, "मल्ली, तू हे मला सांगितलं नाहीस."

मित्र उठून आत गेला. संध्याकाळी वाळूवर चालताना मी आईचा निरोप जसाच्या तसा सांगितला आणि मसुद्याचे पाकीटही दिले. त्याने ते न उघडता खिशात ठेवले.

"सहीचं काय घेऊन बसलास," तो म्हणाला, "ती मी केव्हाही करीन. जागेत माझा जीव नाही. पण गावात पाऊल ठेवलं की प्रत्येकाला माझा ताळेबंद हवा असतो. काय कमावलं, कुठं राहतो, परत कधी येणार, दुसरं लग्न का नाही. आई विचारत नाही. ती फक्त पुढ्यात ताट ठेवते. मला त्या ताटाचीच भीती वाटते."

मी त्याला समजावले नाही. समजावण्यासाठीच मला पाठवले होते, तरीही. चंद्र वर आला होता आणि बेटावरील बंगल्याचे दिवे पाण्यात हलत होते. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "बियासण्याच्या दिवशी नीट जेवते का ती?" मी म्हटले, "दोन फुलके. सुनेने आग्रह केला तर अडीच." तो हसला. मग रस घरी काढणार की रसवंतीतून आणणार, याची त्याने चौकशी केली.

अक्षय तृतीया १० मे रोजी होती. मित्र ८ तारखेला बार्शीत आला. अक्कांनी काकींसाठी एक शहाळे दिले होते. ते विमानतळावर अडवले जाईल म्हणून त्याने निघण्यापूर्वी स्वतःच पिऊन टाकले आणि तसे प्रामाणिकपणे आईला सांगितले. पारण्याचा रस आईने त्याच्या आणि धाकट्याच्या हातून घेतला. सोमवारी दोघे भाऊ दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन आले. थोरल्याने मोबदला घेतला नाही. तराजू तेवढा काचेतून बाहेर काढायला लावला. परतीचे तिकीट त्याने आधीच काढलेले आहे, हे घरात कोणालाच सांगितले नव्हते. आईने मात्र दुसऱ्याच दिवशी तारीख विचारून घेतली, बोटांवर दिवस मोजले आणि सुनेला त्या हिशेबाने खाखऱ्यांची कणीक भिजवायला सांगितली.